दोष भुकेचा की क्रमाचा?
'न्यायाधीशाला भूक लागली की पॅरोल (शिक्षा संपण्याआधी सुटका) नाकारला जातो' हा दाखला २०११च्या इस्रायलमधल्या अभ्यासाचा. खाण्यासाठीच्या सुट्टीनंतर लगेच साधारण ६५ टक्के अर्ज मंजूर, पुढच्या सुट्टीपर्यंत जवळपास शून्य. आकडे ठीक, पण खापर पोटावर फोडायची घाई झाली. त्याच वर्षी आलेल्या प्रत्युत्तरात दिसलं की प्रकरणं कशाही क्रमाने लागत नव्हती. वकील नसलेले कैदी बहुधा सुट्टीआधी, शेवटी येत. आणि वकील नसला की नकार तसाही जास्त.

मला खरी पंचाईत वेगळीच वाटते. सुटलेल्याने पुन्हा गुन्हा केला तर पॅरोल देणाऱ्या मंडळाची चूक गावभर होते. ज्याला नाकारलं तो बाहेर नीट वागला असता का, हे तपासायची सोयच नाही. मग अंदाज बरोबर होता हे मोजायचं कशावर?