उ: पेनड्राइव्हवरचा एनव्हीडीए पासवर्डच्या वेळी गप्प का?
जळगावच्या एका कॉम्प्युटर लॅबबद्दल कुणीतरी लिहिलंय की 'येस' किंवा पासवर्ड मागणारी विंडोजची परवानगीची खिडकी आली की एनव्हीडीए (दिसत नसलेल्यांना स्क्रीन बोलून दाखवणारा प्रोग्राम) मुका होतो, म्हणजे आवाजाचं इंजिन बिघडलंय. इंजिन ठीक आहे हो. ती खिडकी विंडोज वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर काढतं. तिथे साध्या प्रोग्रामला शिरकाव नाही, नाहीतर कुठलाही व्हायरस 'येस' दाबून मोकळा झाला असता. पेनड्राइव्हवरची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी प्रत म्हणूनच बाहेर राहते. अॅडमिन हक्कांनी चालणारे प्रोग्रामही तिला वाचता येत नाहीत. लॅबवाल्या भाऊंना सांगून एनव्हीडीए रीतसर इन्स्टॉल करून घ्या.

एवढ्यावर थांबू नका, बरेच जण इथेच अडकतात. इन्स्टॉल केल्यावरही लॉगिन स्क्रीनवर तो आपल्या मराठी सेटिंगने बोलत नाही, कारण तिथली सेटिंग्ज निराळी असतात. आधी एनव्हीडीए+कंट्रोल+सी (एनव्हीडीए की म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबून सेटिंग सेव्ह करा. मग एनव्हीडीए+एन, प्रेफरन्सेस, सेटिंग्ज, जनरल. तिथे साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरण्याची खूण करा आणि सेव्ह केलेली सेटिंग्ज सुरक्षित स्क्रीनवर नेण्याचं बटण दाबा. त्याला अॅडमिन पासवर्ड लागतो. अॅड-ऑन्स, म्हणजे एनव्हीडीएला वरून जोडलेले छोटे प्रोग्रामही सोबत जातात, म्हणून भरवशाचे नसलेले आधी काढा.

लॅबवाले ऐकतच नसतील तर कंट्रोल+विंडोज+एंटरने नॅरेटर, म्हणजे विंडोजचाच स्क्रीन वाचणारा प्रोग्राम, लावा. विंडोज १० आणि ११ मध्ये तो लॉगिन स्क्रीनवरही बोलतो.