मदत हवी आहे: जुना रेडिओ डॉसमधून रीडच होत नाहीये

तुकोगंज7: रेडिओची चॅनेल बदलायचं डॉसचं सॉफ्टवेअर उघडतंय, रेडिओ चालू आहे, केबल लावलीये, तरी रीड (रेडिओतली सेटिंग कॉम्प्युटरवर घेणं) दिलं की थोडा वेळ थांबून एरर. दोन रात्री गेल्या यात. शनिवारी काका येतायत, त्याआधी व्हायलाच हवं. केबल नवीन आहे त्यामुळे तिचा प्रश्न नाही. नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

माळव्याचा: कुठला रेडिओ? कुठला कॉम्प्युटर? अहो काहीतरी सांगा, मग सांगतो.

तुकोगंज7: मोटोरोला जीएम 300, गाडीत लावतात तो. कॉम्प्युटर घरचाच, जुना.

डबा486: "घरचाच" म्हणजे कुठला? विंडोज कुठलं? केबलचं टोक 9 पिनचं की यूएसबी? आणि मध्ये रिब आहे का नाही?

घेऊनटाका: कशाला डोकं फोडताय, बाओफेंगचा हातातला रेडिओ घ्या, त्याची चॅनेल भरायचं चर्प सॉफ्टवेअर फुकट मिळतं, दहा मिनिटांत काम.

डबा486: चर्पमध्ये जीएम 300 येतच नाही. आणि 25 वॅटचा संच सोडून चार-पाच वॅटचा हातातला घ्यायचा? त्यांनी काय विचारलंय ते वाचा आधी.

तुकोगंज7: पेंटियम 4, विंडोज 98, त्यातच डॉसची खिडकी उघडतो. केबल यूएसबी. दुकानदार म्हणाला सगळ्यांना चालते. रिब काय असतं?

डबा486: सापडलं, तीन चुका आहेत. ते सॉफ्टवेअर सिरियल पोर्टशी थेट बोलतं, विंडोज मध्ये आलं की गडबड होते, म्हणून फ्लॉपीने शुद्ध डॉसमध्ये बूट करा. यूएसबी केबल डॉसला दिसतच नाही, मदरबोर्डच्या मागचा 9 पिनचा पोर्ट वापरा, कॉम 1. आणि रिब म्हणजे छोटा डबा, कॉम्प्युटरचे 12 व्होल्टच्या आसपासचे सिग्नल रेडिओच्या 5 व्होल्टवर आणतो, त्याशिवाय थेट जोडलंत तर रेडिओच जाईल. त्याची वायर माइकच्या 8 पिनच्या सॉकेटात जाते. शिवाय पेंटियम 4 या सॉफ्टवेअरला फार वेगवान आहे, त्याची वाट बघण्याची गणितं 386-486 च्या काळातली, रेडिओचं उत्तर यायच्या आतच ते हात टेकतं.

माळव्याचा: मी डॉसबॉक्समध्ये (विंडोजवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) सायकल्स, म्हणजे वेग, कमी करून जीपी 300 हा हातातला रेडिओ केलाय, काही झालं नाही.

डबा486: दादा, तुमचं नशीब चांगलं. रेडिओत लिहिताना मध्येच तुटलं की कोडप्लग, म्हणजे रेडिओतली सेटिंगची फाइल, अर्धवट राहतो, मग रेडिओ नुसता बीप करत बसतो. दुसऱ्याला हा सल्ला देऊ नका.

माळव्याचा: मी कुठे लिहा म्हटलं, रीड करून बघा म्हणतोय.

सीक्यूसीक्यू: हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आहे ना? नसेल तर आधी त्याची एएसओसीची परीक्षा द्या, रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, जनरलला लागतं. हॅमचा 2 मीटर बँड आपल्याकडे 144 ते 146 मेगाहर्ट्झ.

तुकोगंज7: लायसन्स काकांचं आहे. रेडिओ त्यांच्या इंदूरच्या लोहामंडीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातला, धंदा बंद झाला तेव्हा त्यांनी हा एवढाच ठेवला. त्यावर 145 लावून द्यायचंय. पण आता 486 कुठून आणू?

डबा486: नका आणू. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाची सेटिंग) जाऊन प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याची जलद मेमरी, बंद करा, मशीन गोगलगाय होतं. रिब माझ्याकडे आहे, सुदामा नगरला येऊन घेऊन जा, निरोपात पत्ता देतो. फ्लॉपी मात्र जपा, पावसाळ्यात बुरशी धरते, मी तीन डिस्का अशाच घालवल्या.

शुक्रवार रात्र

तुकोगंज7: झालं रीड! कॅश बंद केल्यावर मेनूची एकेक ओळ डोळ्यांदेखत वरून खाली उतरत होती, फ्लॉपीची करकर चालू, मी श्वास धरून. मग टक्केवारी हलायला लागली आणि आठ चॅनेल समोर. रेंज 136 ते 162 दाखवतोय, म्हणजे 145 बसेल. दादा, तुमचे उपकार.

डबा486: छान! काही बदलायच्या आधी ती फाइल सेव्ह करा. आणि जुन्या चॅनेलवर पीटीटी (बोलायचं बटण) दाबू नका, ते लायसन्स कंपनीचं होतं.

तुकोगंज7: केली, दोन फ्लॉप्यांवर. काकांना फोनवर आठही फ्रिक्वेन्सी वाचून दाखवल्या, तिसरी ऐकल्याबरोबर म्हणाले, ही देवास नाक्याच्या गोडाउनची. राइट (नवी सेटिंग रेडिओत भरणं) मी करत नाही, उद्या ते आले की त्यांनाच बटण दाबू देतो.