सात गावांच्या नळपाणी योजनेबाबत सोसायटीची भूमिका

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या गावासह खाडीकाठच्या सात गावांसाठी प्रादेशिक नळपाणी योजना प्रस्तावित असून, तीत सहभागी होण्याचा ठराव 1 मेच्या ग्रामसभेत येणार आहे. त्यापूर्वी सोसायटीने आपले मत लेखी द्यावे, अशी विनंती सरपंचताईंनी केली आहे. आपल्या बोअरचे पाणी फेब्रुवारीतच मचूळ होते आणि पुढे सारी भिस्त टँकरवर असते. 48 सदनिकांत सरासरी चार माणसे धरली, तर जल जीवन मिशन या घरोघरी नळाने पाणी देण्याच्या सरकारी योजनेच्या दरमाणशी 55 लिटरच्या निकषानेसुद्धा आपल्याला रोज साडेदहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकरभर पाणी लागते. कृपया मते मांडावीत.

ब-203 : सचिवसाहेब, योजनेला माझा विरोध नाही. परंतु पलीकडच्या गावात अशाच योजनेची टाकी कित्येक वर्षे कोरडी उभी आहे आणि तिच्याखालून बायका हंडे घेऊन विहिरीवर जातात, हे आपण सर्वजण पाहतो. शासन पैसे देणार असेल, तर आपल्याकडून लोकवर्गणी आणि वर पाणीपट्टी कशासाठी, आणि एवढे भरूनही पाणी येईल याची हमी काय?

क-101 : काकूंचा प्रश्न रास्त आहे. माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा भार उचलतात, आणि गावांतर्गत कामांच्या खर्चापैकी साधारणपणे 10 टक्के वाटा गावाने द्यावा, अशी अपेक्षा असते. हा सारा पैसा बांधकामाचा झाला. जॅकवेल (नदीतून पाणी उपसण्याची विहीर), जलशुद्धीकरण केंद्र, ऊर्ध्ववाहिनी (पाणी वर चढवणारी नळवाहिनी) आणि टाक्या उभ्या राहिल्यानंतरचे वीजबिल, तुरटी, क्लोरीन आणि पंपचालकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, आणि तो खर्च पाणी वापरणाऱ्यांनीच भागवायचा असतो. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता धरता, साधारण अर्धा युनिट वीज लागते. नदीपात्रातून सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या टाकीपर्यंतचा चढ लक्षात घेतला, तर हे बिल किरकोळ नसते.

कोकणातील अडचण याहून खोल आहे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या असल्याने तो समुद्राला मिळतो, आणि जांभ्यात मुरलेले पाणीही फार काळ टिकत नाही. त्यामुळे जूनपासून दिवाळीपर्यंत घरोघरच्या विहिरी तुडुंब असतात, तेव्हा योजनेचे पाणी कोणालाच नको असते आणि पाणीपट्टी भरायचीही इच्छा नसते. वीजजोडणीचा स्थिर आकार मात्र चालूच राहतो. थकबाकी साचते, पंपाची दुरुस्ती लांबते, आणि मार्चमध्ये सातही गावांना एकाच वेळी पाण्याची आठवण होते, तेव्हा वीज तोडलेली असते. कोरड्या टाक्यांमागचे कारण मी बहुतेक ठिकाणी हेच पाहिले. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की पाणीपट्टीचे दोन भाग करावेत : पाणी घेतले किंवा न घेतले तरी प्रत्येक घराने भरायचा वार्षिक स्थिर आकार, आणि मीटरप्रमाणे वापराचा आकार.

खजिनदार : आपले गाव वाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहे. वरच्या गावांनी एअर व्हॉल्व्हला, म्हणजे वाहिनीतील हवा सोडणाऱ्या झडपेला, नळ्या लावून पाणी ओढले, तर आपण कोणाकडे दाद मागायची?

क-101 : त्यासाठीच योजना चालवणारी सातही ग्रामपंचायतींची संयुक्त शिखर समिती कागदावर न राहता चालली पाहिजे. प्रत्येक गावाच्या टाकीच्या तोंडाशी मोठा मीटर बसवावा, दर महिन्याचे वाचन सातही ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावे, आणि मुख्य वाहिनीच्या झडपा उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्हमन कोणत्याही एका गावाचा नोकर न राहता समितीच्या पगारावर असावा. महाराष्ट्र आणि गोव्याच्या संयुक्त तिलारी धरण प्रकल्पात दोन्ही राज्यांनी वाटणी आधीच ठरवून घेण्याचे तत्त्व स्वीकारले : 1990 च्या करारानुसार पाण्याचा सुमारे 73 टक्के हिस्सा गोव्याचा आणि उरलेला महाराष्ट्राचा असून, खर्चाची विभागणीही आधीच ठरवलेली आहे. तिथेही कालवा फुटण्याचे प्रकार घडले आहेत, म्हणजे वाटणी ठरली तरी डागडुजीची काळजी संपत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा 30 टक्के भाग पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखून ठेवला होता. असा निधी मोठ्या दुरुस्तीसाठी वापरावा. महिन्याचे बिल त्यातून भरण्याची सवय मात्र कोणत्याही गावाला लावू नये.

ब-203 : स्थिर आकार मला मान्य आहे. मात्र मोलमजुरी करणाऱ्या घरांसाठी तो कमी असावा, आणि शिखर समितीत प्रत्येक गावाची एक तरी महिला असावी, कारण पाणी कोणत्या वेळी सोडले तर उपयोगी पडेल, हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही.

सचिव : दोन्ही सूचना योग्य आहेत. सोसायटीची संमती चार अटींसह देण्याचा मसुदा मी तयार करतो : गरजू घरांना सवलत देणारी दुहेरी पाणीपट्टी, गावनिहाय मीटर व वाचनाची जाहीर नोंद, समितीच्या पगारावरील व्हॉल्व्हमन, आणि समितीत प्रत्येक गावाची किमान एक महिला. मसुदा रविवारी सकाळी कार्यालयात सह्यांसाठी ठेवला जाईल. ज्या सभासदांची नावे गावच्या मतदार यादीत आहेत, त्यांनी ग्रामसभेला स्वतः हजर राहावे, कारण हात वर करण्याचा अधिकार त्यांनाच आहे.