खांदा धरला की मालिश? अनुभव सांगा

खसताटी
आज मेट्रोत सिताबर्डीला एक काकू चढल्या, वरचा दांडा पकडायला गेल्या अन् हात कानापर्यंतही जाईना, बदलून दुसऱ्या हाताने पकडला. मले एकदम माझं फ्रोझन शोल्डर, म्हणजे धरलेला खांदा, आठवलं. पाठीमागे हुक लागत नव्हता, वेणी पोरगी घालून द्यायची, रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जायचा. ऑर्थोने फिजिओकडे पाठवलं अन् आईने मोहाचं तेल पाठवलं, दोन्ही केलं. फिजिओ मॅडम आधी शेक द्यायच्या मग काखेत मागच्या बाजूने बोटं घालून एक जागा दाबायच्या, बाप्पा रे! ओरडायचीच मी. पण उठल्यावर हात थोडा तरी जास्त वर जायचा. सकाळी परत जैसे थे. व्यायाम लावून धरला तेव्हा कुठे ते टिकायला लागलं. तुमचं काय?

महालचा पोट्टा
आमच्या बाबांचा खांदा आखाड्यातल्या एका वस्तादाने चोळून दिला, मोहरीच्या तेलात लसूण कडकडवून. तोवर ठीक होतं, मग म्हणे मोकळा करून देतो अन् दिला झटका. बाबांनी ज्या शिव्या दिल्या त्या आम्ही पहिल्यांदाच ऐकल्या. खांदा होता तिथेच.

गोडबोली
हुक पुढून लावून मागे फिरवायचा, हा शोध प्रत्येक बाई आपला आपणच लावते 😂
बाकी मले डॉक्टरांनी आधी शुगर करायला लावली, म्हटलं दुखून राहिला खांदा अन् रक्त काहून काढता? निघाली न शुगर. डायबिटीस, थायरॉइडवाल्यांना हे जास्त होते म्हणे, चाळीशी ते साठीत, अन् बायांना जास्त. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणार असाल तर नंतर काही दिवस शुगर चढते, विचारून घ्या.

धंतोलीची फिजिओ
पेशंटच्या मधल्या वेळात लिहितेय, चुका सांभाळून घ्या. सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं, कॅप्सूल, ते सुजून जाड होतं अन् आखडतं. मालिश तिथपर्यंत पोचत नाही. पण हात जपता जपता मानेचे अन् पाठीचे स्नायू आवळून बसतात ना, ते सुटतात, झोप लागते. म्हणून मालिश झाल्या झाल्या, अंग गरम आहे तोवर व्यायाम: पुढे वाकून हात लोंबता सोडून छोटे छोटे गोल, भिंतीवर बोटं चढवत नेणं, पाठीमागून टॉवेल ओढणं. घरी एक बघा, कोपर कमरेला चिकटवून कोणाला तरी तुमचा हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा, त्यांनी वळवूनही वळत नसेल तर बहुतेक सांधाच धरलाय. अन् तुम्हाला उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला की सहज वर जातो, असं असेल तर आतली शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी (टेंडन), फाटलेली असू शकते, तिथे रगडत बसू नका, दाखवा. सुरुवातीला रात्रभर ठणकतं तेव्हाही जोराची मालिश नको, हलक्या हाताने. पूर्ण सुटायला वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात, तेल बदलून ते कमी होत नाही.

कॉटन मार्केट
तीन वर्षं??? मी दिवाळीपर्यंत धरून चाललो होतो

निवृत्त_मास्तर
डावा खांदा अचानक भरून आला, सोबत घाम, छातीत दडपण, तर मालिश बिलिश काही नाही, सरळ दवाखाना. आमच्या शेजारचे बाम चोळत बसले होते, ईसीजीत अटॅक निघाला. वाचले.

गोडबोली
मोहाचं म्हणजे टोळीचंच, त्याच्या बियांचंच तेल ना? इतवारीत मिळन का?

खसताटी
हाव, टोळीचंच. आमचं भंडाऱ्याहून येते, मामाकडून. थंडीत थिजते, बाटली उन्हात ठेवायची.

महालचा पोट्टा
मे महिन्यात गच्चीवर ठेवली तर त्याच्यातच भजे तळून घ्या

गोडबोली
भज्यावरून आठवलं, आमच्याकडे परवा कुरडयांचा चीक आहे. माझा हात आता वर जाते हे सासूबाईंना कोणी सांगू नका हं, घोटायला मलेच बसवतील.

कॉटन मार्केट
नाही सांगत. पण चीक खायला किती वाजता येऊ?