प्रति: कर्णावरचा खटला आणि न मिळालेला जबाब

वर्गातला अभिरूप खटला (मुलांनीच वकील-साक्षीदार होऊन चालवलेला लुटुपुटीचा खटला) म्हणजे शेवटी वक्तृत्व स्पर्धाच, असं म्हटलं जातं. बोलकी चार पोरं वकील होतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. खरंय, पण तसं होतं ते वकिलांना मोकळं सोडल्यामुळे. नववीत 'मृत्युंजय'मधल्या कर्णावर द्यूतसभेतल्या वागण्याबद्दल खटला भरला, तेव्हा मी एकच नियम घातला: सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही, तो फक्त उलटतपासणीत, म्हणजे समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला विचारताना. खऱ्या कोर्टातही साधारण हेच असतं. निम्मी भाषणबाजी तिथेच आटोपली.

कादंबरी मुळात साक्षींसारखीच आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून सांगतात, त्यामुळे साक्षीदार आयतेच मिळाले. घोळ झाला फिर्यादीचा. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी पुस्तक चाळत म्हणाली, "सर, द्रौपदीचा भागच नाहीये यात!" जिचा अपमान झाला तिचाच जबाब नाही! बचाव पक्ष खूश. मग तिलाच द्रौपदी केलं, जबाब तिने दोन दिवस खपून स्वतः लिहिला. उलटतपासणीला उठलेला कर्णाचा वकील (आमचा वर्गप्रतिनिधी, तोंडाचा पट्टा) तिसऱ्याच प्रश्नाला खाली बसला.