फेझंटसाठी राखलेले गवत आणि पाणथळ : कापणी कधी व किती करावी? मदत हवी आहे

फेझंट या कोंबडीच्या कुळातील रानपक्ष्यांसाठी राखलेल्या गवताळ पट्ट्याबाबत आणि त्याला लागून असलेल्या पाणथळीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मादी जमिनीवरच, वाळक्या गवताच्या आडोशाला घरटे करून अंडी साधारण 23 ते 25 दिवस उबवते, त्यामुळे विणीच्या काळात कापणी अजिबात नको. पण गवताला वर्षानुवर्षे हातच लावला नाही, तर बुडाशी काडीकचऱ्याचा इतका जाड थर साचतो की किडे टिपत फिरणाऱ्या पिल्लांना त्यातून वाटच मिळत नाही. मग दरवर्षी एक तृतीयांश भाग आलटूनपालटून कापावा, की जाळावा? पाणथळीतल्या पाणकणसाची (पाण्यात उगवणाऱ्या उंच, लांब पानांच्या वनस्पतीची) दाट बेटे कडक हिवाळ्यात उत्तम आसरा देतात, म्हणून ती काढायला मन धजत नाही. मात्र उघडे पाणी झपाट्याने कमी होत आहे. ती कितपत आणि कोणत्या ऋतूत विरळ करावीत?