लॅपटॉप पंचवीस मिनिटांत आपोआप बंद होतो. मदरबोर्डच गेलाय का?

दळणवाली_पाटण:

नमस्कार. जरा मोठं लिहिते, पण मागचं-पुढचं सगळं सांगते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

पाटणच्या पुढे आमचं गाव. घराला लागूनच पिठाची गिरण आहे, ती मी आणि आमचे हे मिळून चालवतो. लॅपटॉप 2018 च्या दिवाळीत घेतलेला. आय-फाइव्ह 8250यू प्रोसेसर, आठ जीबी रॅम. हार्ड डिस्क होती ती तीन वर्षांपूर्वी काढून एसएसडी टाकली, तेव्हापासून वेगाची काही तक्रार नव्हती. गिरणीची उधारी, बचत गटाचे हिशेब आणि संध्याकाळी लेकीचे बारावीचे व्हिडिओ क्लास, सगळं यावरच. दिवसा तो गिरणीतल्या टेबलावर असतो, रात्री घरात.

श्रावणापासून असं व्हायला लागलंय. क्लास लावला की पंखा घोंघावायला लागतो, आवाज चढत जातो आणि वीस-पंचवीस मिनिटांत स्क्रीन एकदम काळी. बंद होत असल्याचा संदेश वगैरे काही नाही, वीज गेल्यासारखा जातो. लगेच बटण दाबलं तर सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत परत जातो. पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवला तर नीट सुरू होतो. बंद पडायच्या आधी कीबोर्डच्या वरच्या ओळीवर, मधोमध, बोट ठेववत नाही. नुसतं एक्सेल उघडं असेल तर मात्र तास-दीड तास चालतो.

मी केलेलं: बाजूची जाळी रंगाच्या ब्रशने साफ केली. दोन पंख्यांचा स्टँड आणून खाली ठेवला. व्हायरस स्कॅन केला. काडीचा फरक नाही.

मग तालुक्याला एका दुकानात दोन दिवस ठेवला. त्यांनी सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, साडेनऊ हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या, विंडोज 10 पण आता बंद झालंय. आतून उघडून बघितला का, असं विचारलं, त्याला धड उत्तर मिळालं नाही.

आमच्याकडे पीठ गरम यायला लागलं तर आम्ही लगेच मोटर बदलत नाही. आधी दगड बघतो, टाकी लावायला, म्हणजे दगडाच्या खाचा छिन्नीने परत पाडायला झाल्या का बघतो, मग पट्टा. लॅपटॉपमध्ये असं आधी काय आणि नंतर काय बघायचं, ते मला कुणीतरी क्रमाने सांगा. खर्चाची तयारी आहे, पण तो कशावर होतोय ते कळायला हवं. लेकीची परीक्षा फेब्रुवारीत आहे.

वायरमन_साताऱ्याचा:

ताई, गिरणीची मोटर किती एचपीची आहे? मोटर सुरू होताना दिवे मंद होत असतील तर व्होल्टेज पडतं, त्याने लॅपटॉप बंद होत असणार. चांगला स्टॅबिलायझर लावा. आणि लॅपटॉपचं सॉकेट गिरणीच्या लाईनवर नको, वेगळी लाईन ओढून घ्या.

स्क्रू_आणि_चिमटा, सोलापूर:

ताई, मी बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम केलं. आता दुकान बंद केलंय, पण हे वाचून राहवलं नाही.

मदरबोर्ड खराब असेल तर तो सहसा वेळापत्रक पाळत नाही. कधी एक्सेलवर जाईल, कधी सुरूच होणार नाही. तुमचा लॅपटॉप कामाचा भार वाढला की जातो, थंड झाला की येतो, हलक्या कामावर टिकतो. ही तापण्याची लक्षणं आहेत. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की मशीन स्वतःला वाचवायला वीज तोडतं. तुमच्या 8250यू ची कमाल मर्यादा 100 अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, तेवढ्यानेही भागलं नाही तर बंद.

वायरमनदादांचं वेगळ्या लाईनचं म्हणणं घरासाठी बरोबरच आहे. पण या तक्रारीचं कारण ते वाटत नाही. अडॅप्टरवर बारीक अक्षरात बघा, इनपुट 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असेल. शिवाय मध्ये बॅटरी आहे. बॅटरी शाबूत असेल तर वीज पूर्ण गेली तरी लॅपटॉप चालू राहिला पाहिजे. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासा.

सकाळी गिरण बंद असताना चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर क्लासचा एखादा व्हिडिओ लावा. तसाही बंद पडला तर लाईनचा दोष नाही. बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसरला कमी वीज देतात, त्यामुळे पंचवीसऐवजी चाळीस मिनिटं लागली तर बुचकळ्यात पडू नका. त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, स्पीड बघत राहा. तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेग 1.6 गिगाहर्ट्झ आहे आणि गरजेला तो 3.4 पर्यंत जातो. काम चालू असताना आकडा 0.8 च्या आसपास येऊन बसला तर तापल्यामुळे त्याने वेग कमी केलाय असं धरा. एचडब्ल्यू मॉनिटर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात अंशही दिसतात.

दुसरी तपासणी पैशाविना होते. पातळ कॅरीबॅगची बोटभर पट्टी कापा आणि पंखा जोरात फिरत असताना गरम हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर धरा. पट्टी फडफडली पाहिजे. आवाज मोठा आणि पट्टी गप्प, तर हवा आत अडकलीय.

आता तुमच्या ब्रशने आणि स्टँडने फरक का पडला नाही ते सांगतो. पंखा खालून हवा ओढतो आणि तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांमधून बाहेर ढकलतो. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून या पट्ट्यांपर्यंत येते. धूळ बाहेरच्या जाळीवर बसत नाही. ती आतल्या बाजूला, पंखा आणि पट्ट्या यांच्या मध्ये बसते. बाहेरून बघाल तर सगळं स्वच्छ! त्यामुळे ब्रश तिथे पोचत नाही आणि स्टँडची हवाही आत शिरत नाही. आणि तुमचा लॅपटॉप दिवसभर गिरणीत असतो. कापड दुकानात दहा वर्षांत जमेल तेवढं तुमच्याकडे दोन वर्षांत जमेल. त्यात पाटणचा पाऊस. पीठ ओल धरतं, सुकतं, परत ओल धरतं.

विंडोजचं म्हणाल तर विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, ते खरं आहे. पण तुमचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसतो. त्या कारणासाठी लॅपटॉप टाकायची गरज नाही.

तपासण्या करून कळवा, मग उघडायचं कसं ते सांगतो.

आजीचा_डेस्कटॉप, पुणे:

काकांनी सगळं छान सांगितलंय, दोनच गोष्टी जोडते. उघडायच्या आधी उधारीची फाईल, बचत गटाचे हिशेब आणि मुलीच्या नोट्स पेन ड्राइव्हवर घ्या. असा झटक्यात बंद पडणारा लॅपटॉप चालू फाईल खराब करू शकतो, उघडायची वाट बघू नका, आजच घ्या.

दुसरं, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे टेकतात का बघा. टचपॅड एका बाजूने वर आलंय का, क्लिक कडक झालंय का, तेही बघा. असेल तर बॅटरी फुगलीय. माझ्या भावाचा असाच होता, आम्ही टचपॅड दाबून दाबून बसवत होतो, आणि खाली बॅटरी उशीसारखी झाली होती. फुगलेली असेल तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवा, दाबू नका, टोचू नका, आणि मग घरी उघडूही नका.

दळणवाली_पाटण:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फाईली कालच दोन पेन ड्राइव्हवर घेतल्या, एक माहेरी पाठवला.

टचपॅड सरळ आहे, चारही कोपरे टेकतात. आज पहाटे गिरण सुरू व्हायच्या आधी चार्जर काढून क्लास लावला. अडतिसाव्या मिनिटाला बंद. त्यात सीपीयूचा स्पीड आधी 2.6 होता, तो उतरत 0.79 वर येऊन थांबला, आणि एचडब्ल्यू मॉनिटरमध्ये शेवटी 99 दिसलं. लेक शेजारी बसून दर पाच मिनिटांनी वहीत आकडे लिहीत होती. आणि कॅरीबॅगची पट्टी हललीसुद्धा नाही. इतका आवाज, आणि पट्टी तशीच लोंबत.

काका, आता उघडायचं सांगा. हात थरथरणार नाहीत, मी दळणाच्या दगडाला स्वतः टाकी लावते.

स्क्रू_आणि_चिमटा, सोलापूर:

मग तुम्हाला जमेल.

पूर्ण शट डाउन करा, चार्जर काढा. कागदावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूची बाह्यरेषा काढा आणि जो स्क्रू जिथून निघेल तिथेच कागदाला भोक पाडून खोचा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूने कीबोर्ड फुगतो. रबरी पायाखाली एखादा लपलेला असतो, तो न काढता झाकण ओढलं तर तुटेल. झाकण उचकटायला स्क्रू ड्रायव्हर नको, जुनं एटीएम कार्ड घ्या.

झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन सोडवायची. वायर ओढायची नाही, पिनेला दोन्ही बाजूंनी नखाने हळूहळू सरकवायचं. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. त्यानंतरच पंख्याला हात लावा. पंख्याचे दोन-तीन स्क्रू आणि एक बारीक पिन असते. प्रोसेसरवरची तांब्याची पट्टी मात्र सोडवू नका. ती काढली की खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता तांब्याकडे पोचवणारा लेप, नवी लावावीच लागते. साफ केल्यावर क्लास चालू असताना तापमान 85 च्या खाली राहिलं तर पेस्टला हात लावायचं काहीच कारण नाही.

तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. गिरणीचा ब्लोअरही नको, त्याने पंखा वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. कोरडा मऊ ब्रश, आणि पाती बोटाने धरून.

दळणवाली_पाटण:

झालं! सोमवारी गिरण बंद ठेवून दुपारी उघडला.

दहा स्क्रू वर होते, अकरावा मागच्या रबराखाली, तुम्ही सांगितलात म्हणून सापडला. लेकीने प्रत्येक पायरीचा फोटो काढला. बॅटरीची पिन निघायला सगळ्यात जास्त वेळ लागला, तिथे मी खरंच घाबरले होते.

पंखा उचलला आणि दोघी बघतच राहिलो. पात्यांवर पिठाची पांढरट साय होती, ती अपेक्षितच होती. पण पंखा आणि त्या बारीक पट्ट्या यांच्या मध्ये राखाडी रंगाची एक वडीच होती. मऊ धूळ नाही, घट्ट, पावसाळ्यात चाळणीला बसतो तसला पापुद्रा, फक्त तिप्पट जाड. टूथपिकने एका कोपऱ्यातून उचलली तर अख्खी सुटून आली, माझ्या करंगळीएवढी. एका बाजूला पट्ट्यांच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या. वास घेतला, आंबूस, भिजलेल्या नाचणीचा. तिच्यामागे पट्ट्या नव्यासारख्या लखलखीत होत्या, कारण तिथपर्यंत काही पोचलंच नव्हतं, हवासुद्धा नाही.

पाती धरून ब्रशने पुसली, पट्ट्यांमधून टूथपिक फिरवली, सगळं परत बसवलं. एकही स्क्रू उरला नाही.

संध्याकाळी पूर्ण दीड तासाचा क्लास सलग झाला. लेकीची वही: सुरुवातीला 51, मग 74, मग 78, आणि सगळ्यात वर 81. त्याच्या पुढे गेलाच नाही. कॅरीबॅगची पट्टी अशी फडफडली की हातातून सुटली. पेस्टला हात लावला नाही.

ती वडी मी काचेच्या बाटलीत घालून गिरणीतल्या टेबलावर ठेवलीय. शेजारच्या शाळेतल्या बाईंचा लॅपटॉपही तापतो, त्यांना दाखवायला.

एकच विचारायचं राहिलं. उधारी लिहायला लॅपटॉप गिरणीत लागतोच. वरून प्लास्टिकचं कव्हर घालून चालवला तर चालेल का?

स्क्रू_आणि_चिमटा, सोलापूर:

शाब्बास ताई, लेकीलाही सांगा.

चालू असताना कव्हर नको, हवाच बंद होईल. दिवसभराची उधारी वहीत लिहा आणि रात्री घरात बसून एक्सेलमध्ये भरा. गिरणीत न्यायचाच असेल तर मोटर बंद झाल्यावर अर्ध्या तासाने, पीठ खाली बसल्यावर. आणि कॅरीबॅगची पट्टी जपून ठेवा, दर महिन्याला एकदा जाळीसमोर धरायची. फडफड कमी वाटली की उघडा.

दळणवाली_पाटण:

वही कालपासूनच सुरू केली. पट्टी चार्जरलाच बांधून ठेवलीय.